अंगावरचं बनियन

१६ एप्रिल २०२४, मंगळवार

पप्पाला कंपनीत दर वर्षी डायरी भेटती. ह्या वर्षीची मी मागून घेतली. "काय लिहिणार तिच्यात?" पप्पा म्हणले. मी म्हणलो, "गिरणीचं." खोटं बोललो.

मी ऋतुराज. वय अठरा. आठवीपर्यंत शाळा नीट केली, नववी लॉकडाऊनमधी मोबाईलवर झाली, दहावीला गेलोच नाय. आता बजाजनगरात आमच्याच गावच्या द्वारकामावशीच्या गिरणीवर दळण दळतो. आन जे लिहायचंय ते असं हाय. माझी छाती पोरींसारखी हाय.

लिहिलं एकदाचं. अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं आलंय. डायरी घरी ठेवायची नाय. गिरणीत पट्ट्याच्या मागं एक रिकामा डबा हाय, त्याच्यात ठेवीन. तिथं मावशीचाबी हात पोचत नाय.

१७ एप्रिल

आज गिऱ्हाईक कमी. उन्हानं कुणी बाहेर निघंना. म्हणून कालचं पुढं लिहितो.

आमचं गाव बिडकीनजवळ. २०१९ ला पाऊस नव्हता तवा गावात धोंडी काढली. धोंडी म्हणजे एका बिनलग्नाच्या पोराला उघडं करायचं, कमरेला लिंबाचा पाला बांधायचा, घरोघर न्यायचं, आन बायांनी त्याच्या अंगावर तांब्या ओतायचा. म्हणजे देवाला दया येती. मी तेरा वर्षांचा होतो. गावातल्या फकिराकाकानं माझा हात धरला. पप्पा तिथंच उभे होते. म्हणले, "ह्याला नका. दुसरा बघा."

फकिराकाका हसले. "कामून? पोरगी हाय का तुझी?"

पप्पा मागं सरकले. काकानं माझा शर्ट काढला. पहिल्याच घरी पाणी पडलं, बायांनी माझी छाती बघितली आन सगळे एकदम हसले. त्या दिवसापासून शाळेत मला 'वहिनी' म्हणायचे.

पप्पाला माझी लाज वाटली म्हणून ते म्हणले ह्याला नका. तेवढं कळतं मला. पाऊसबी नाय आला.

पुढच्या वर्षी पप्पानं अचानक बजाजनगरात खोली घेतली. म्हणले, गावाहून कंपनीत जाया-यायला बेजार होतो. बारा वर्षं जात होते, तवा कधी बेजार झाले नव्हते. गाव सुटलं तशी माझी जुनी शाळाबी सुटली. नव्या शाळेत पीटीचे टी-शर्ट लई टाईट होते, म्हणून दहावीला गेलोच नाय.

१९ एप्रिल, शुक्रवार

बेचाळीस डिग्री. मेडिकलमधून पायाला बांधायची पट्टी आणतो, रुंदवाली. ती छातीला गुंडाळतो, वर बनियन, वर ढगळा शर्ट. गिरणीत पीठ उडतं, त्याच्यानं सगळं पांढरं दिसतं, कुठं फुगलंय कुठं खोल हाय काही कळत नाय. म्हणून तं गिरणीचं काम धरलं. पट्टीच्या खाली घामोळ्या आल्यात. रडायला येतंय इतकं खाजवतं.

मावशी म्हणली, "आरं ए पीठमामा, एवढ्या उन्हात दोन-दोन कपडे कामून घालतू? नवरदेव हाईस का?"

"सवय हाय मावशी."

"बापावर गेलास. बद्रीनाथबी तसाच."

ते खरंय. पप्पा तं अंघोळबी बनियन घालून करतेत. म्हणतेत, अंगावरच धुवून निघतं, टँकरचं पाणी वाचतं. मम्मीच्या लग्नाच्या अल्बममधी हळदीच्या फोटोत सगळे चुलते उघडे हाईत, पप्पा एकटे शर्टात. शर्टावरच हळद लावलेली. काटकसरी माणूस. माझ्यासारख्या पोराची अशा माणसाला काय कदर.

२४ एप्रिल, बुधवार

आज मोठं काम केलं. मावशीला खोटं सांगितलं की दात दुखतो, आन बस पकडून सिडकोकडं गेलो. तिकडं एक नवी काचेची बिल्डिंग झालीय, खाली मोबाईलचं दुकान, वर क्लिनिक. बोर्ड रिक्षातून एकदा वाचला होता: पुरुषांची छाती, लेसर, टाके नाहीत.

अर्धा तास खालीच उभा होतो. वर गेलो तं डॉक्टर नव्हतेच. एक ताई बसली होती. तिनं मला बघितलंच नाय, म्हणजे छाती. एक चकचकीत कार्ड पुढं केलं. चरबी काढायचे प्रकार. साधं, पाणी भरून, कंपनवालं, आवाजवालं, लेसर. प्रत्येकाच्या पुढं तारे काढलेले, लेसरला पाच.

"कोणतं करायचं तुम्हाला?"

मला वाटलं ती सांगंल. हॉटेलात मेनू दिल्यासारखं मला कसं कळावं? मी म्हणलो, "जे लवकर व्हतं ते."

"लेसर. सकाळी या, संध्याकाळी घरी. सगळं वितळून जातं."

४ मे ला बोलावलंय. घरी सांगायची गरज नाय म्हणे, अठरा पूर्ण हाईत ना. गावची जमीन विकली त्या पैशातले थोडे माझ्या नावावर हाईत, त्याच्यातून भागंल. बसमधी येताना पहिल्यांदा खिडकीपाशी बसलो.

२९ एप्रिल

मोबाईलवर बघायला नको होतं. एका व्हिडिओत डॉक्टर नळी धरून असा खुपसायलाय, असा, जसं बंद पडलेल्या गिरणीत आपण सळई घालतो. बाटलीत पिवळं-लाल काहीतरी भरायलंय. मी मोबाईल उलटा ठेवला.

दळणाला आलेली एक बाई मावशीला सांगत होती, "कुठंतरी एक पोरगी वारली म्हणं. चरबी काढायला गेली आन गेलीच."

मावशी म्हणली, "देवानं दिलेलं अंग. कशाला उकरावं?"

मी बाजरीच्या जागी गहू ओतले. मावशीनं शिव्या दिल्या. बऱ्या वाटल्या. चार तारखेपर्यंत पाच दिवस. मेलो तं मम्मीला कोण सांगंल की मी तिथं होतो? क्लिनिकवाल्या ताईनं घरचा नंबर मागितला होता. मी चुकीचा दिला.

२ मे, गुरुवार

सगळं संपलं.

दुपारी मला चक्कर आली. गिरणी चालूच होती. डोळे उघडले तं मी पोत्यावर आडवा, मावशी माझ्या तोंडावर पाणी मारायली आन तिच्या हातात कात्री. शर्ट उघडा. पट्टी मधून कापलेली. खालची कातडी सोललीय, पू झालाय. मी दोन्ही हातानं झाकलं.

मावशीनं शटर अर्धं ओढलं आन पप्पाला फोन लावला. "बद्रीनाथ, ये. कंपनी राहू दे. पोराला घेऊन जा." मग हळू म्हणली, मला वाटलं मला ऐकू येत नाय असं समजून, "तुलाच यायला पाहिजे. दुसऱ्या कुणाला धाडू नको."

पप्पा आले. बघितलं. त्यांचं तोंड असं झालं की मला वाटलं मारतेत. मारलं नाय. पट्टीचे दोन तुकडे उचलले, घडी घातली आन खिशात ठेवले. फेकायचे सोडून घडी कामून घातली काय माहीत.

"कधीपासून?"

"तीन वर्षं."

मोटारसायकलवर मागं बसताना मी त्यांना टेकलो नाय.

३ मे

पप्पानं सुट्टी टाकली. चुलत्याच्या लग्नाला टाकली नव्हती. मी क्लिनिकचं सांगून टाकलं. पप्पा म्हणले, "तिथं नाय जायचं. आधी कुणीतरी हात लावून बघितलं पाहिजे. सरकारी दवाखान्यात जाऊ."

सरकारी दवाखान्यात वॉर्ड असतो. वॉर्डात सगळे असतेत. मला शर्ट काढायला लावतील आन सगळे हसतील. धोंडी पुन्हा.

६ मे, सोमवार

लिहायला लई हाय.

डॉक्टर बाई निघाली! स्वरदा मॅडम. चष्मा, बारीक आवाज. मागं सहा शिकाऊ पोरं-पोरी वह्या घेऊन. मॅडम म्हणल्या, "शर्ट काढायचा आहे, बाळा." मी बटनाला हात लावला आन लावूनच बसलो. मॅडमनं माझ्याकडं बघितलं, मग त्या सहा जणांना म्हणल्या, "तुम्ही बाहेर थांबा. एकच जण थांबेल, लिहायला." एक पोरगी थांबली. तिनं मान खाली घातली ती वर केलीच नाय. देव तिचं भलं करो.

मॅडमनं बोटांनी दाबून बघितलं. दुखलं. मला वाटलं आता म्हणतील कॅन्सर.

"हे मऊ लागतंय ना, ही चरबी. आणि हे मधलं, कडक, थाळीसारखं? ही ग्रंथी. सगळ्या पुरुषांना असते, बारकी असते. तुझी वाढलीय. खूप मुलांना होतं."

"मला लेसर सांगितलं होतं."

त्यांनी केसपेपर उलटा केला आन पाठीमागं चित्र काढलं. म्हणल्या, प्रकार कितीबी असू दे, सुरुवात बहुतेक एकच. मिठाचं पाणी, बधिर करायचं औषध आन रक्त कमी यावं म्हणून अजून एक औषध, हे सगळं आत भरायचं. जागा टम्म फुगती. मग बारीक नळीनं चरबी ओढायची. नळी डॉक्टरनं हातानं मागंपुढं केली तं साधं. मशीननं नळी स्वतःच थरथरली तं ते कंपनवालं, डॉक्टरचा हात कमी दुखतो. आवाजाच्या लहरीनं चरबी आधी सैल करतेत ते तिसरं. कुठं पाण्याच्या फवाऱ्यानं सोडवतेत. आन लेसर म्हणजे उष्णता. चरबी वितळती, पण जपून नाय केलं तं वरची कातडी भाजती.

"आणि यातलं एकही तुला एकटं पुरणार नाही," मॅडम म्हणल्या. "चरबी नळीतून येते. ही ग्रंथी येत नाही. ती निपलच्या कडेला छोटा छेद घेऊन हातानंच काढावी लागते. ती आत ठेवली असती तर छाती तशीच दिसली असती. वर पैसे गेले असते ते वेगळे."

हे मला कळलं. चाळणीतून पीठ खाली पडतं, खडा वरच राहतो. चाळणी पितळी असो नायतर स्टीलची. खडा बोटानंच वेचावा लागतो. कार्डावर खड्याचं नावच नव्हतं.

मग प्रश्न. दारू? गुटखा? जिमची पावडर? काविळ? कुठल्या गोळ्या? सगळं नाय. "घरात अजून कुणाला असं आहे? वडील, काका, मामा?" मी लगेच म्हणलो, "नाय मॅडम. मलाच." पप्पा वरच्या पंख्याकडं बघायले होते. कॉलरपर्यंत बटनं लावलेली, घामानं शर्ट पाठीला चिकटलेला. पोरीनं फॉर्मवर लिहिलं: नाही. मॅडमनं पप्पाकडं जरा जास्तच वेळ बघितलं. म्हणल्या, "काका, तुम्हाला आठवतंय का काही?" पप्पा म्हणले, "पाणी कुठं भेटंल?" आन बाहेर गेले.

मॅडम म्हणल्या, घरात कुणाला नसंल तं कारण शोधावं लागंल. रक्ताच्या तपासण्या, सोनोग्राफी. आन आधी ही कातडी बरी करायची. पट्टी बंद.

१३ मे, सोमवार

आज मतदान. मम्मी-पप्पा शाळेत गेले, माझं नाव यादीत यायचंय अजून. मी घरीच.

तपासण्यांना रक्त दिलंय, रिपोर्ट अजून नाय. कागदावर 'हार्मोन' लिहिलंय. मी मोबाईलवर टाकलं. कायकाय येतं. यकृत बिघडलेलं असंल. डोक्यात गाठ असंल. अजून खालीबी गाठ असंल, ते मी लिहिणार नाय. मला वाटायलंय की आतून मी हळूहळू बाई व्हायलोय आन कुणी मला सांगंना. जेवण जात नाय. पट्टी नाय म्हणून गिरणीवरबी गेलो नाय. चक्कर आली त्याच दिवशी मावशीनं डायरीचा डबा धाडला होता पोत्यात घालून. म्हणजे तिला आधीपासून माहीत होतं की डबा कुठं हाय. वाचली असंल का?

पप्पा जेवताना सारखे माझ्याकडं बघतेत. मी बघितलं की ताटात बघतेत. आज म्हणले, "रिपोर्ट चांगलेच येतील."

"तुम्हाला काय माहीत?"

"मला... वाटतंय."

वाटून काय व्हतं.

२२ मे, बुधवार

रिपोर्ट आले. सगळे बरोबर. खूष व्हायला पाहिजे होतं. पण मॅडम म्हणल्या, "कारण सापडत नाही. तसंही असतं कधीकधी. पण वर्षभर तपासत राहू." म्हणजे काहीतरी हाय आन ते लपून बसलंय. मी विचारलं, "परत येईल का?" त्या म्हणल्या, "बहुधा नाही. पण कारणच माहीत नसेल तर शब्द कसा देऊ?"

पप्पा तोंडातल्या तोंडात काही म्हणले. मॅडम म्हणल्या, "काय काका?" पप्पा म्हणले, "काही नाय. ऑपरेशन करा."

४ जून ठरली. पूर्ण भूल देणार. संमतीच्या कागदावर मी स्वतः सही केली. आधी कधी सहीच केली नव्हती, नाव लिहिलं. खाली लिहिलं होतं: रक्त साकळणे, संवेदना जाणे, दोन्ही बाजू सारख्या न होणे. मग एक ओळ होती जीवाची. ती मी दोनदा वाचली. पप्पानं वाचलीच नाय, डोळे मिटून साक्षीदाराची सही केली.

३ जून, सोमवार

वॉर्डातून. पन्नास खाटा, सगळी माणसं उघडी, कुणाला कशाची लाज नाय. मी चादर गळ्यापर्यंत ओढलीय. शेजारच्या आजोबांचा पाय भाजलाय. ते म्हणले, "तुला काय झालं रे?" मी म्हणलो, "गाठ." ते म्हणले, "निघून जाईल, घाबरू नको." त्यांनी परत विचारलं नाय.

उद्या सकाळी. निवडणुकीचा निकालबी उद्याच. सगळ्यांचं लक्ष टीव्हीवर असंल तं बरं. भूल उतरलीच नाय तं? नळी जास्त आत गेली तं? मॅडमचा हात थरथरला तं? त्या कंपनवाल्या मशीननंच थरथरला तं?

मावशी भेटायला आली होती. कानात म्हणली, "मी वाचली नाय रे तुझी डायरी. मला कुठं वाचता येतंय." आन हसली. मग पप्पाकडं बघून म्हणली, "बद्रीनाथ, अजून किती दिवस?" पप्पा म्हणले, "उद्याच हाय ना ऑपरेशन."

"ऑपरेशनचं नाय म्हणले मी," मावशी म्हणली आन गेली.

८ जून

जिवंत हाय. दोन्हीकडून रबराच्या नळ्या होत्या, आज काढल्या. नळी ओढताना आतून साप निघाल्यासारखं वाटलं. अंगात घट्ट जाकीट घातलंय, सहा आठवडे रात्रंदिवस. मॅडमनं दिलेली पट्टीच म्हणायची. आधी लपायला बांधत होतो, आता बरं व्हायला. खाली काय हाय ते मी बघितलं नाय. हिंमत नाय. चार दिवसांनी अंघोळ कर म्हणल्या, हात खांद्याच्या वर न्यायचे नाय.

१२ जून, बुधवार

आज अंघोळ.

पाऊस एक-दोनदा येऊन गेला तरी कॉलनीला टँकरच हाय. एक बादली. मम्मी म्हणली मी घालते. मी नाय म्हणलो. हात वर व्हत नाय, तांब्या कसा धरायचा? मी न्हाणीत स्टुलावर जाकीट घालूनच बसलो. पप्पा आत आले आन कडी लावली.

मी म्हणलो, "तुमचं बनियन भिजंल."

पप्पानं शर्ट काढला, खिळ्याला टांगला. मग बनियन खालून धरलं. तिथंच थांबले. मला वाटलं पाठीत उसण भरली. मग डोक्यावरून ओढून काढलं.

अठरा वर्षांत मी बापाचं उघडं अंग बघितलं नव्हतं. माझ्यासारखंच. माझ्यापेक्षा जास्त, उतरलेलं, पांढरे केस आलेले. घामोळ्यांचे जुने काळे डाग, पट्टीसारखे, आडवे.

"बघून घे," पप्पा म्हणले. भिंतीकडं बघत.

मग जाकिटाचे हूक खोलले, एकेक, हळू. मी डोळे मिटले. तांब्याभर पाणी खांद्यावरून आलं. गार नव्हतं.

"शहाऐंशीला मला केलं होतं धोंड्या. फकिराच्या बापानं. तवा तू होतास तेवढाच होतो." अजून एक तांब्या. "तुझ्या टायमाला मी उभा होतो तिथं. ह्याला नका, एवढंच म्हणलो. शर्ट काढून मला न्या म्हणायला पाहिजे होतं."

"बिनलग्नाचा लागतो," मी म्हणलो.

पप्पा हसले. मग हसता हसता तोंड वाकडं झालं. मी डोळे उघडून खाली बघितलं. निळं-पिवळं, सुजलेलं, दोन बारीक टाके-रेघा. पण सपाट.

"दवाखान्यात त्या दिवशी बोललो असतो तं तुझं एवढं रगत काढलं नसतं," पप्पा म्हणले. "महिनाभर तू जेवला नाईस. मला माहीत होतं कुठून आलंय ते. तोंडच उघडंना."

मला राग आला. लई आला. तो महिना माझा मीच काढलाय. पण पाणी संपत आलं होतं आन पप्पा बादली वाकडी करून शेवटचं तांब्यात घ्यायले होते, माझ्यासाठी. मी म्हणलो, "तुमच्याबी अंगावर घ्या थोडं."

१४ जून, शुक्रवार

टाके बघायला गेलो. मागं सहाच्या सहा पोरं-पोरी. मॅडमनं विचारलं, बाहेर काढू का? मी म्हणलो, राहू द्या. शर्ट मीच काढला. कुणी हसलं नाय. एका पोरानं टाक्यांचा फोटो घेऊ का विचारलं, तोंड येणार नाय म्हणला.

"जखम छान भरतेय," मॅडम म्हणल्या. "कारणाचं मात्र लिहून ठेवते, की माहीत नाही."

मी म्हणलो, "मॅडम, त्या फॉर्मवर एक चुकलंय. घरात अजून कुणाला, त्याच्यापुढं."

"हो? कुणाला?"

मी तोंड उघडलं होतं, पण मागून आवाज आला.

"मला."

पप्पाचा आवाज बारीक नव्हता. सगळ्यांनी वळून बघितलं. पप्पानं कॉलरचं बटन सोडलं, मग खालचं, आन तिथं थांबून मॅडमला म्हणले, "माझ्या वयात करतेत का हे? नाय, सहज विचारलं."

मॅडमनं खुर्ची पुढं ओढली. "बसा काका. आधी ह्याचं कळलं ते बरं झालं. हे घराण्यातलं आहे. आता ह्याला भ्यायचं कारण नाही."

त्या मान खाली घालणाऱ्या पोरीनं फॉर्म काढून पेन माझ्याच हातात दिला. मी 'नाही' खोडलं आन वर लिहिलं: वडील. अक्षर चांगलं आलं.